समुद्राचे वेळापत्रक

आपला नंदुरबार जिल्हा महाराष्ट्राच्या अगदी वायव्य कोपऱ्यात आहे. उत्तरेच्या सीमेवरून नर्मदा वाहते, मधून तापी वाहते. दोन्ही नद्या अखेर समुद्राला मिळतात, पण आपल्या हद्दीत नव्हे. प्रकाशाच्या घाटाखालून गेलेले तापीचे पाणी सुरतेजवळ समुद्र पाहते. त्या घाटावर लहानाचा मोठा झालेला माणूस मात्र कित्येकदा तो न पाहताच आयुष्य काढतो. आमच्या वर्गात सहलीसाठी चौदा जणांनी नावे दिली, त्यांपैकी समुद्र पाहिलेले तिघेच निघाले. आणि त्या तिघांनीही तो ऊसतोडीला गुजरातेत गेले असताना पाहिला होता.

येत्या दिवाळीच्या सुटीत कोकण किनाऱ्याने चार दिवसांची सहल काढायची, थोडे अंतर गाडीने आणि थोडे पायी जायचे, असे आम्ही ठरविले आहे. तेव्हा आम्ही तृतीय वर्षात असू, म्हणजे एकत्र जाण्याची ती शेवटचीच सुटी. या सहलीचा आराखडा करण्याचे काम भूगोलाची विद्यार्थिनी म्हणून माझ्याकडे आले. ते करताना जे समजले, ते पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडते आहे.

किनारा किती लांब?

महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर, असे आपण शाळेपासून पाठ केलेले आहे. अलीकडे केंद्र सरकारने देशाच्या किनाऱ्याची नव्याने मोजणी केली. तीत भारताचा किनारा सुमारे ७,५०० किलोमीटरवरून सुमारे ११,१०० किलोमीटरवर गेला आणि महाराष्ट्राचा सुमारे ८७८ किलोमीटर भरला. जमीन काही वाढली नाही, मोजणी बारीक झाली. मोठ्या मापाने मोजताना जी वळणे आणि खाड्या वगळल्या जात, त्या बारीक मापात धरल्या गेल्या.

सहल आखणाऱ्याने हाच धडा पहिल्यांदा घ्यावा. कोकणात सह्याद्री समुद्राच्या जवळ उभा आहे. त्यामुळे तेथील नद्या आखूड, आणि त्यांच्या मुखांत समुद्राचे पाणी आतपर्यंत शिरून रुंद खाड्या झालेल्या आहेत. सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्री नदीची जयगड खाडी अशी ही रांग आहे. नकाशावर पट्टी ठेवून दोन गावांतले अंतर काढले तर ते तोंडाशी आलेले दिसते. प्रत्यक्षात मध्ये खाडी असते आणि रस्ता पुलापर्यंत आत वळसा घेतो. रेवस ते रेडी असा सागरी महामार्ग कित्येक दशके चर्चेत आहे, पण मोठ्या खाड्यांवरील पुलांपाशी तो अडत आला.

यावर तोड म्हणजे फेरीबोट. दाभोळ ते धोपावे ही गाड्या वाहून नेणारी फेरी २००३ साली सुरू झाली. दाभोळहून गुहागरला जायचे तर एरवी चिपळूणच्या बाजूने मोठा फेरा पडतो. फेरीने गाडीसकट माणूस थोड्या मिनिटांत पलीकडे उतरतो. तवसाळ ते जयगड अशीच दुसरी फेरी आहे. आमच्या आराखड्यात या दोन्ही फेऱ्या आहेत. मात्र फेरीला वेळापत्रक असते आणि सुटीच्या दिवसांत गाड्यांची रांगही असते, म्हणून त्या दिवशी अर्धा दिवस हाताशी मोकळा ठेवला आहे.

तिथीची पाऊणपट

खाडीनंतरची दुसरी गोष्ट भरती-ओहोटी. वाळूवरून चालायचे तर ओहोटी हवी. भरतीत पाणी सुरूच्या झाडांजवळ येते आणि दोन पुळणींमधील खडकाळ वाट बंद होते. दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते आणि तिची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो.

कोकणातल्या लोकांनी याचा एक सोपा हिशेब बसविला आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. पंचमीला पावणेचार, सप्तमीला सव्वापाच. त्यात सव्वासहा तास मिळविले की ओहोटी. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, हिशेब तोच. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास येते ती उधाणाची भरती. तेव्हा पाणी सर्वांत वर चढते व सर्वांत खाली उतरते. अष्टमीच्या आसपासची ती भांगाची भरती, तिची चढउतार कमी. हिशेब अंदाजाचा आहे, म्हणून तो छापील तक्त्याशी ताडून पाहावा आणि तेथील मच्छीमारांना विचारल्याशिवाय खडकांवर जाऊ नये.

या हिशेबाने पंचमी ते अष्टमी हे चार दिवस आम्हांला सोयीचे दिसले. पंचमीला ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास, षष्ठीला पावणेअकराला, सप्तमीला साडेअकराला, अष्टमीला सव्वाबाराला. म्हणजे सकाळी आठ वाजता वाळूवर उतरावे, पाणी मागे हटत असताना चालावे आणि ऊन तापण्यापूर्वी गाडीत बसावे.

दोन वेळापत्रकांची गाठ

पहिला बेत कार्तिक शुद्ध पंचमीचा, म्हणजे भाऊबीजेनंतर तीन दिवसांनीचा होता. पण नावे दिलेल्यांपैकी पाच जणांनी माना खाली घातल्या. आपल्याकडे दिवाळी आटोपली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते आणि ट्रक कोणत्या दिवशी लागेल ते मुकादमच ठरवितो. त्या दिवसांत घरातील थोरल्या मुलाला किंवा मुलीला सामान बांधणे, दाणागोटा लावून ठेवणे, धाकट्यांची व्यवस्था पाहणे यांतून सुटका नसते. मी स्वतः त्या पाचांपैकी एक आहे.

येथे तिथीचाच हिशेब कामी आला. समुद्र पंधरा दिवसांनी तेच वेळापत्रक पुन्हा देतो. शुद्ध पंचमीला जी ओहोटी दहा वाजता, तीच वद्य पंचमीलाही दहाच्या सुमारास. म्हणून सहल कार्तिक वद्य पंचमीवर नेली. तोवर ट्रक गेलेले असतील, दिवाळीची गर्दी ओसरून खोल्यांचे भाडे उतरलेले असेल आणि कॉलेज उघडण्यास थोडा अवधी राहील. एकही नाव कमी करावे लागले नाही.

घरी परवानगी काढणे हा याहून अवघड भाग होता. आई म्हणाली, "चालायला एवढ्या लांब कशाला जायचं? चालणं काय कमी आहे आपल्याला?" तिचे म्हणणे खोटे नाही. आमच्या घरातील माणसे आजवर कामासाठी प्रवास करीत आली, पाहण्यासाठी कोणी केला नाही. मी तिला मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांची हकीगत सांगितली. एका परीक्षेसाठी हा मुलगा मुरूडहून साताऱ्यापर्यंत सुमारे ११० मैल पायी गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे त्याच माणसाने १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरोबर बाई कोण आहेत?" आमच्या प्राध्यापिका येणार आहेत हे कळल्यावर, आजी घर सांभाळील, असे तिनेच सुचविले.

आराखडा

नंदुरबारहून सुरतमार्गे रेल्वेने निघून, वसई रोडला गाडी बदलून कोकण रेल्वेने खेड. तेथून भाड्याच्या दोन गाड्या घेऊन दापोली. पंचमीला सकाळी मुरूड-कर्देची पुळण पायी, सायंकाळी हर्णैला माशांचा लिलाव आणि किनाऱ्यावरूनच सुवर्णदुर्गाचे दर्शन. षष्ठीला भल्या पहाटे दाभोळ गाठून फेरीने धोपावे, मग गुहागरची कित्येक किलोमीटर सलग पसरलेली वाळू पायाखाली. सप्तमीला वेळणेश्वर करून हेदवी. तेथे खडकातील बामणघळ नावाच्या भेगेत भरतीचे पाणी घुसून वर उसळते. त्या दिवशीची दुसरी भरती सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास येते, म्हणून पाचला तेथे पोहोचावयाचे. भांगाचे दिवस जवळ असल्याने पाणी उधाणाइतके उंच उडणार नाही, पण खडकांपासून दूर उभे राहणे सक्तीचे. अष्टमीला तवसाळहून फेरीने जयगड, मग कवी केशवसुतांचे जन्मगाव मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी स्टेशन.

खर्चासाठी दरमहा शंभर रुपये वर्गणी ठेवली आहे. कोणी किती भरले हे एकट्या खजिनदारालाच ठाऊक असेल आणि यादी वर्गात वाचली जाणार नाही.

समुद्रापुढे शहाणपण नको

शरद ऋतूत आकाश निवळते, पण अरबी समुद्रात पावसाळ्यानंतरही वादळे होतात. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाने कोकणातील मच्छीमारांवर मोठा घाला घातला. २०१९ च्या ऐन दिवाळीत क्यार वादळाने किनारा खवळला होता. म्हणून निघण्यापूर्वी आणि रोज सकाळी हवामान खात्याची सूचना पाहावयाची आणि इशारा असेल तर तो दिवस आतल्या गावात काढावयाचा. आमच्यापैकी काहींना तापीत पोहता येते. परंतु नदीचा ओढ एका दिशेने असतो आणि लाटेचा ओढ पायाखालून मागे नेतो. त्यामुळे पाण्यात गुडघ्यांपर्यंतच जायचे, हा नियम चौदाही जणांनी सही करून मान्य केला आहे.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, सहलीचा बेत करताना आपण पैसे आणि अंतर यांचाच हिशेब मांडतो. कोकणात त्याआधी समुद्राची वेळ पाहावी लागते, आणि आपल्या जिल्ह्यात त्याहीआधी बरोबर येणाऱ्याच्या घरची वेळ पाहावी लागते. समुद्र पंधरा दिवस थांबू शकतो. मुकादमाचा ट्रक थांबत नाही, म्हणून तारीख ठरविताना पहिला प्रश्न त्याचाच विचारावा.