‘वय झालं, आता चालायचंच’: म्हातारपणाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘वय झालं, आता असं चालायचंच’ हे वाक्य वृद्धांच्या उपचारांतला सर्वांत मोठा अडथळा आहे. उदाहरणार्थ, नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर तालुक्यात, कन्हान नदीकाठी वसलेले खापा हातमागासाठी आणि जवळच्या मँगनीज खाणीसाठी ओळखले जाते. अशा गावात मागावर किंवा खाणीत उमर घालवलेल्या माणसाचे कान, डोळे किंवा गुडघे कुरकुरू लागले, की घरचे आणि तो स्वतःही सगळे वयावर ढकलून मोकळे होतात. नागपूरचे ‘मेडिकल’, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, सुमारे ३५ किलोमीटरवर आहे, त्यामुळे ‘कशाला उगाच खेटे’ हे कारणही तयारच असते.

वयाने खरोखर काय बदलते? जवळचे वाचायला चष्मा लागतो, स्नायू हळूहळू घटतात, मूत्रपिंडांचे काम मंदावते, तहान कमी जाणवते. हे बदल वर्षानुवर्षांचे असतात. वारंवार पडणे, लघवी न आवरणे, जेवणावरची वासना उडणे, वजन उतरणे आणि भ्रम होणे यांच्यामागे मात्र शोधता येण्याजोगे कारण असते आणि पुष्कळदा त्यावर उपायही असतो.

सर्वाधिक घोळ विसरण्याबाबत होतो. साठीनंतर बुद्धी जायचीच, हा समज धादांत खोटा आहे. भारतातल्या ६० वर्षांवरील लोकांच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के सांगतो. म्हणजे शंभरातल्या नव्वदहून अधिक ज्येष्ठांना हा आजार नाही. ज्यांची स्मृती खालावते, त्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न हवा तो ‘कधीपासून?’

कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज घरातली माणसे ओळखत नसेल, दिवसा पेंगत आणि रात्री बडबडत असेल, तर ते म्हातारचळ नव्हे. लघवीचा किंवा फुप्फुसाचा जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम घटणे, औषधाचा दुष्परिणाम अशी कारणे त्यामागे असतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांपुढे गेल्यावर, शरीरातले पाणी घटूनही असे होते, कारण तहान जाणवत नाही म्हणून म्हातारे पाणीच मागत नाहीत. हा तातडीचा प्रसंग आहे. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ‘दोन दिवस पाहू’ म्हणण्यात जीव जाऊ शकतो.

काही आठवड्यांत किंवा महिन्यांत विसरणे वाढले असेल, तर ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड आणि नैराश्य आधी तपासावे लागते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकते. ही कारणे साध्या रक्ततपासणीत आणि शांतपणे केलेल्या विचारपुशीत सापडतात व त्यांवर उपचार आहेत. वर्षानुवर्षे वाढत गेलेल्या स्मृतिभ्रंशापुढेही हात टेकण्याचे कारण नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे १४ धोके नोंदवले. ते सर्व टाळता आले, तर जगभरातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतात किंवा लांबणीवर पडू शकतात, असा त्याचा अंदाज आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, उपचार न केलेली अधू दृष्टी आणि बहिरेपण हे त्यांतले काही. म्हातारपणाची तयारी चाळिशीतच सुरू होते, ती यासाठी.

पडण्याचेही तसेच. झोपेच्या गोळ्या, उठताना एकदम उतरणारा रक्तदाब, मोतीबिंदू, कमकुवत मांड्या, न्हाणीतली ओली फरशी ही नेहमीची कारणे. घरात चालू असलेली सगळी औषधे एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवली, तर नको असलेल्या गोळ्या गळतात. ‘आता कसला व्यायाम’ हेही चूक आहे. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांनी आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम केले आणि त्यांच्या पायांची ताकद दीडशे टक्क्यांहून अधिक वाढली.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

‘मोतीबिंदू पिकल्यावरच काढावा.’ रोजच्या कामात अडचण येऊ लागली की काढावा. फार पिकू दिल्यास शस्त्रक्रिया अवघड होते.

‘म्हाताऱ्यांनी हलके, म्हणजे चहा-पोळी खावी.’ स्नायू टिकवण्यासाठी डाळ, दूध, अंडी यांची गरज उलट वाढते. मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

‘सरकारी विमा फक्त गरिबांना.’ २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मिळतात. रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यात येत नाही.

‘मुलाने सांभाळले नाही तर इलाज नाही.’ ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या २००७च्या कायद्याने त्यांना निर्वाहभत्ता मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो.

‘घर नावावर करून दिले की संपले.’ त्याच कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळू शकते. म्हणून ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्यावी.

‘कुणाला विचारावे, तेच कळत नाही.’ ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर विनाशुल्क आहे.