खाणींआधी आलेली रेल्वे : मुरगाव–कॅसल रॉक मार्गाचा हिशेब

आमच्या मंडळाच्या बैठकीत कोणी ना कोणी हमखास म्हणतं, "गोव्यात रेल्वे आली ती खनिजासाठी." मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. इंजिनीअर माणूस, त्यामुळे खाण दिसली, रूळ दिसले, बंदर दिसलं की तिन्ही एका रेषेत जोडून मोकळा! नंतर तारखा मांडून बघितल्या आणि ही जोडणी चुकीची निघाली.

मुरगावहून घाट चढून कॅसल रॉकपर्यंतचा मार्ग १८८८ मध्ये पूर्ण झाला. गोव्याचं लोहखनिज जपानला मोठ्या प्रमाणावर जाऊ लागलं ते १९५० नंतर. मधे साठ वर्षांहून जास्त काळ गेला. मग रेल्वे कशासाठी?

मूळ १८७८ च्या इंग्रज–पोर्तुगीज करारात आहे. धारवाड, बळ्ळारीकडचा कापूस आणि धान्य मुरगावला उतरेल, बंदर भरभराटीला येईल, असा पोर्तुगालचा अंदाज. बदल्यात इंग्रजांना गोव्यातल्या मिठाची मक्तेदारी मिळाली, दोन्हीकडची जकात एकत्र झाली. पोर्तुगालला त्यापोटी वर्षाला चार लाख रुपये मिळायचे. पण मिठागरांवर पोट असलेल्यांच्या वाट्याला निर्बंध आले. करार १८९२ मध्ये संपला. रूळ मात्र राहिले.

रेल्वे बांधली लंडनमध्ये स्थापन झालेल्या कंपनीने, पण 'गॅरंटी' पोर्तुगाल सरकारची. म्हणजे काय? गुंतवलेल्या भांडवलावर ठरलेलं व्याज मिळणारच. गाडी रिकामी धावली तर तूट सरकार भरणार. गुंतवणूकदार निर्धास्त, जोखीम सगळी खजिन्यावर. माल अपेक्षेइतका आलाच नाही. मुंबईची ओढ मोठी होती, आणि घाटापलीकडची रेल्वे व तिचे दर पोर्तुगालच्या हातात नव्हते. तूट वर्षानुवर्षं भरावी लागली.

त्यात घाट. कुळे ते कॅसल रॉक हे सुमारे २६ किलोमीटर, चढ ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. जड गाडीला जादा इंजिनं लावावी लागतात. उतरताना सगळी भिस्त ब्रेकवर. दूधसागरपाशी प्रवासी फोटो काढतात, मी ब्रेकचा वास घेतो!

आता खनिजाकडे. डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या बऱ्याच खाणींपासून नदी जवळ. ट्रकने धक्क्यापर्यंत, तिथून बार्जने मांडवी किंवा जुवारीतून थेट मुरगाव. पावसाळ्यात मांडवीचं मुख बंद, तेव्हा कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत. नदी कोणी बांधलेली नव्हती, तिच्यावर व्याजही नव्हतं. म्हणून गोव्याचं खनिज मुख्यतः पाण्यावरून गेलं. रेल्वेने जास्त करून आणलं ते घाटावरचं, होस्पेट–बळ्ळारीचं.

फुकट मात्र तेही नव्हतं. ट्रकांच्या रस्त्यावरची धूळ घरांनी आणि शेतांनी सोसली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, २०१८ मध्ये ८८ लीज रद्द केल्या. बार्ज नांगरून पडल्या आणि त्यांच्यासाठी काढलेली कर्जं डोक्यावर राहिली.

आज त्याच रुळांवरून उलट दिशेने आयात कोळसा घाट चढतो. दुपदरीकरणाविरुद्ध नोव्हेंबर २०२० मध्ये चांदोरला लोक रात्री रुळांवर बसले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिनईघाट–कॅसल रॉक–कुळे टप्प्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

मी रेल्वेविरोधी नाही. आयुष्य बांधकामात गेलं. पण जुने कागद चाळल्यावर कुठलाही नवा प्रकल्प दिसला की दोन प्रश्न विचारतो. माल कुणाचा, आणि तो आलाच नाही तर तूट कोण भरणार? १८७८ मध्ये मिठागरातल्या माणसाला हे कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला निदान विचारता येतं. तेव्हा पुढच्या वेळी सावर्डे किंवा कुळे स्टेशनवर उतरलात, तर रुळांकडे जरा या हिशेबाने बघा.