पोलादासारखं दिसणारं सोनं

लांबून पाहिलं तर कुणालाही ते पोलादी घड्याळच वाटेल. काळी तबकडी, तीत तीन छोटी वर्तुळं, भोवतीच्या कड्यावर कोरलेले वेगाचे आकडे. ओळख पटते ती हातात घेतल्यावर. अठरा कॅरेटचं पांढरं सोनं पोलादाच्या जवळजवळ दुप्पट जड. डोळे फसतात, तळहात फसत नाही.

रोलेक्सचं हे कॉस्मोग्राफ डेटोना, मॉडेल क्रमांक 6265. घडलं 1970 साली, जर्मनीतल्या विक्रेत्याकडे पोचलं 1971 मध्ये. किल्ली देण्याची जुनी डेटोना पोलादात मिळत, पिवळ्या सोन्यात मिळत. पांढऱ्या सोन्यातलं मात्र आजवर हे एकच ठाऊक आहे. म्हणून संग्राहकांनी त्याचं नाव ठेवलं 'युनिकॉर्न', म्हणजे गोष्टीतला एकशिंगी घोडा. सोनं मुळात पिवळंच; शंभरात 75 भाग सोनं ठेवून बाकीच्यात पॅलेडियमसारखा पांढरा धातू मिसळला, की त्याचा पिवळेपणा झाकला जातो.

मला धातूइतकंच या घड्याळाचं काम भुरळ घालतं. डेटोना 1963 मध्ये आलं ते मोटारींच्या शर्यतींसाठी. नावही फ्लोरिडातल्या शर्यतींच्या गावाचं. पाणी शिरू नये म्हणून 6265ची बटणं आट्यांवर घट्ट बसवलेली. वरचं बटण आधी फिरवून सैल करायचं, मग किलोमीटर सुरू होताच दाबायचं. मधला लांब काटा सेकंदाला सहा बारीक उड्या घेत निघतो. एक किलोमीटर संपताच पुन्हा तेच बटण दाबायचं. काटा 30 सेकंदांवर थांबला, तर त्याच्यासमोर कड्यावर 120 कोरलेलं असतं: ताशी 120 किलोमीटर. बॅटरी नाही, आकडेमोड नाही. सगळं आतल्या चाकांच्या आणि किल्लीच्या जोरावर.

पुढे हे घड्याळ जॉन गोल्डबर्गर या नावाने लिहिणारे इटालियन संग्राहक ऑरो मोंतानारी यांच्याकडे आलं. आलं तेव्हा चामड्याच्या पट्ट्यावर होतं. त्यांनी त्याला झाडाच्या सालीसारख्या पोताचा, पांढऱ्या सोन्याचा भारी पट्टा चढवला. मला विचाराल तर चामडंच बरं होतं. सोन्याचा पट्टा त्याचं गुपित फोडतो.

पण मोंतानारींबद्दल मनात आदर दाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी. मे 2018 मध्ये जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात त्यांनी ते विकायला काढलं. 59 लाख 37 हजार 500 स्विस फ्रँक आले. ही विक्री त्यांनी मुलांसाठी काम करणाऱ्या 'चिल्ड्रन अ‍ॅक्शन' या संस्थेच्या मदतीसाठी केली होती.