कोंडलेल्या मनाचं वेळापत्रक

टाळेबंदी आधी 21 दिवसांची होती. मग ती 3 मेपर्यंत गेली, मग 17 मेपर्यंत, मग 31 मेपर्यंत. 2020च्या त्या उन्हाळ्यात नगर जिल्ह्यातल्या माणसांना रोगाची भीती होतीच, पण त्याहून जास्त छळलं ते या सरकत्या तारखांनी. जामखेड शहर एप्रिलमध्येच हॉटस्पॉट ठरून सील झालं. शिर्डीचं साईमंदिर 17 मार्चला बंद झालं आणि हार-प्रसादवाल्यापासून लॉजवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न राहिला, उघडणार कधी? उत्तर मिळायला 16 नोव्हेंबर उजाडला.

वाईट बातमी माणूस एकवेळ पचवतो. काहीच नक्की नसलं की मात्र त्याचा जीव टांगणीला लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं. प्रयोगात 45 जणांनी संगणकाच्या पडद्यावरचे दगड उलटायचे होते. दगडाखाली साप निघाला, की हाताला विजेचा दुखरा झटका. साप हमखास निघणार हे ठाऊक असताना ताण तुलनेनं कमी होता. निघेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी झाली, की तळव्यांना घाम सुटे, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारत. 2016 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार वर्षांनी अख्खं जग त्याच दगडांपुढे बसलं.

फेब्रुवारी 2020मध्ये, म्हणजे आपल्याकडे टाळेबंदी लागण्याच्याही आधी, ‘लॅन्सेट’मध्ये विलगीकरणाच्या मानसिक परिणामांचा आढावा छापून आला होता. सार्स, इबोला अशा साथींत वेगळं ठेवलेल्या माणसांवरचे 24 अभ्यास त्यात तपासले होते. मन खचवणाऱ्या गोष्टी त्यात स्पष्ट लिहिल्या आहेत: लांबत जाणारा काळ, अपुरी माहिती, संसर्गाची भीती, कंटाळा, सामानाची टंचाई, बुडालेलं उत्पन्न आणि नंतर माथी बसणारा कलंक. कोंडून घेणं ही बळजबरी न वाटता इतरांसाठी केलेली गोष्ट वाटली, तर त्रास कमी होतो, असंही त्यात म्हटलं आहे.

कोंडलेल्या माणसांचा एक जुना दाखला नगरच्या भुईकोट किल्ल्यातच आहे. ऑगस्ट 1942मध्ये ‘छोडो भारत’च्या ठरावानंतर नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशा काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना इथं आणून ठेवलं. सुटका कधी, कुणाला ठाऊक नाही. सुरुवातीला तर वर्तमानपत्रंही मिळत नव्हती. नेहरूंनी कुदळ घेतली आणि दगड-राबिटानं भरलेल्या जमिनीत उन्हातान्हात फुलझाडांचे वाफे खणले. पुढे 1944मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढलं. आझाद पहाटेच उठत, स्वतःच्या हातानं चहा करत आणि मित्राला पत्रं लिहीत. ही पत्रं तेव्हा धाडायची सोयच नव्हती. पुढे ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून ती छापली गेली. एप्रिल 1943मध्ये त्यांच्या पत्नीचं कलकत्त्यात निधन झालं, तेव्हाही ते याच भिंतींआड होते. दुःख चुकलं नाही, पण दिवसाचा क्रम त्यांनी मोडू दिला नाही.

मोठ्या माणसांची ही गोष्ट टाळेबंदीत काम गेलेल्या मजुराच्या तोंडावर फेकू नये. किल्ल्यात जेवणाची चिंता नव्हती, बोलायला सोबती होते. मात्र त्यांनी जे केलं, ते आज मानसोपचारात रीतसर वापरलं जातं. उदास माणूस म्हणतो, आधी बरं वाटू दे, मग कामाला लागतो. उपचार हा क्रम उलटा करतो: छोटं, ठरलेल्या वेळेचं, जमेल तेवढं काम आधी, मन त्यामागून येतं. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे करून पाहिलं. तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी मानसोपचाराचं कोणतंही पूर्वशिक्षण नसलेल्या, फक्त या कामापुरत्या तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ वेळा बसून बोलायचं. 2017मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी यातल्या 64 टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलं होतं. नेहमीच्या उपचारांवर हेच प्रमाण 39 टक्के होतं. ज्या जामखेड तालुक्यात आरोळे डॉक्टर दांपत्यानं 1970मध्ये काम सुरू करून अल्पशिक्षित बायकांना गावच्या आरोग्यसेविका केलं, तिथं याचं नवल वाटू नये.

माणसांच्या सोबतीची भूकही खरीच असते. एमआयटीतल्या 2020च्या एका प्रयोगात लोकांना दहा तास एकटं ठेवलं आणि मग गप्पागोष्टी करणाऱ्या माणसांची चित्रं दाखवली. उपाशी माणसाला जेवणाचं चित्र दाखवल्यावर मेंदूच्या ज्या भागात हालचाल होते, तिथंच ती इथंही दिसली. दुसऱ्या लाटेत पारनेर तालुक्यातल्या भाळवणीला तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांनी हजारावर खाटांचं कोविड केंद्र उभारलं. तिथल्या भजनांची नि गाण्यांची थट्टाही झाली. राजकारण बाजूला ठेवून सांगतो, घरच्यांपासून तुटलेल्या रुग्णाला माणसांचा आवाज ऐकू येणं ही करमणूक नव्हे, तो शुश्रूषेचाच भाग आहे.

‘पॉझिटिव्ह राहा’च्या फॉरवर्डांचा मात्र मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. 2020च्या जुलै-ऑगस्टमध्ये गाईच्या दुधाचा भाव पडला म्हणून अकोले तालुक्यापासून शेतकरी रस्त्यावर आले. त्यांच्या झोपेचं खोबरं प्राणायामानं थांबणार नव्हतं. त्यावर उपाय दुधाचा भाव हाच होता. पैशाची चिंता हा मनाचा आजार नाही. ती दीर्घकाळ टिकली, तर मात्र आजाराचं कारण होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचं प्रमाण सुमारे 25 टक्क्यांनी वाढलं. टाळेबंदी उठली म्हणून तेव्हा आजारी पडलेले सगळे आपोआप बरे झाले, असं नाही. घरात कुणाचं दोन आठवड्यांहून जास्त काळ मन लागत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर ‘सगळ्यांनाच टेन्शन असतं’ म्हणून गप्प करू नका. जगणं नको झाल्याचं कुणी बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. ऑक्टोबर 2022पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा सुरू आहे. नंबर 14416, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.