एका माणसाची साखळी

उन्हाळ्यात सिल्लोडकडे बोअरची मोटार जळाली की घरात पहिली विचारणा चेनपुलीची होते. कुणाकडे आहे, मोकळी आहे का, आज मिळेल का. मिरचीची रोपं नुकतीच लावलेली असतात, दोन दिवस पाणी चुकलं तर माना टाकतात. मग मिस्तरी मोटारसायकलवर येतात, मागे पोत्यात बांधलेली एक टनाची पुली. लोखंडी पाइपांची तिवई उभी राहते, तिला पुली टांगली जाते आणि मोटार पाइपासकट वर ओढताना कट्-कट्-कट् सुरू होतं. हा आवाज मी लहानपणापासून ऐकत आलो. तो कशाचा, हे मात्र फार उशिरा कळलं.

पुलीच्या पोटात दातेरी चाकं असतात. त्यांच्या जोरावर 30-35 किलोच्या ओढीत एक टन उचलला जातो. त्याची किंमत अंतरात मोजावी लागते: ओझं 1 मीटर चढवायचं तर हातसाखळी 30 मीटरहून जास्त ओढायची. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस वेस्टन यांनी अखंड साखळीची दुहेरी कप्पी काढली आणि बर्मिंगहॅमच्या टँगी बंधूंनी ती बाजारात आणली. आपल्याकडे 1962 साली स्थापन झालेल्या हर्क्युलिस हॉइस्ट्सची ‘इंडेफ’ पुली रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळच्या कारखान्यात बनू लागली. पण मला या यंत्रात सगळ्यात सुंदर वाटतो तो त्याचा ब्रेक.

हातसाखळीचं चाक आट्यांवर बसवलेलं असतं. ओढलं की ते आत सरकतं आणि घर्षणाच्या चकत्या दाबून धरतं. त्यांच्यामध्ये एक दातेरी चाक असतं. चढवताना ते फिरतं आणि त्याच्या दातांवरून खटका उड्या मारतो, तोच कट्-कट् आवाज. हात सोडला की ओझं खाली यायला बघतं, पण खटका दातेरी चाकाला उलटं फिरू देत नाही आणि ओझ्याच्याच ओढीने आटे आणखी आवळले जातात. ओझं स्वतःलाच धरून ठेवतं. उतरवताना साखळीची दुसरी बाजू ओढायची. आटे किंचित सैल होतात, ओझं जरा उतरतं, पुन्हा आवळतं. म्हणून उतरताना पुली गप्प असते आणि चढवताना बोलते. चढवताना ती गप्प असेल, तर काम तिथेच थांबवायचं.

आता बोअरमधल्या वजनाकडे बघू. दोन इंची जीआय पाइप मीटरला सुमारे 5 किलो भरतो. दोनशे फुटांवर, म्हणजे 60 मीटरवर मोटार असेल, तर नुसता पाइप 300 किलो. लोक एवढंच धरतात. पण पाइपात पाणी उभं असतं, मीटरला 2 किलोहून जास्त. ते सव्वाशे किलोच्या पुढे जातं. पंप, मोटार, केबल मिळून अर्धा टन झाला. आणि खाली गाळ बसला असेल किंवा कडेचा दगड सुटून अडकला असेल, तर वजनाचा आकडाच उरत नाही. यंत्राला काटा नाही. काटा म्हणजे ओढणाऱ्याचा हात.

आमच्या बोअरवर हे मी डोळ्यांनी पाहिलं. चौथ्या पाइपानंतर साखळी एकदम जड झाली. वडील पुढे झाले, “मिस्तरी, लावू का हात?”

“नका, भाऊ. ही एकट्यानंच ओढायची. दोघं लागले तर मला कळणार कसं, पाइप येतोय का अडकलाय?”

आपल्याकडे कुणाच्या कामाला हात लावणं हे माणुसकीचं लक्षण. या साखळीला मात्र तो दुसरा हात घातक. दोघांनी अंग टाकून ओढलं तर शंभर किलो सहज भरतात, आणि एक टनाच्या पुलीवर तीन टनांच्या आसपास ताण येतो. साखळी लगेच तुटेलच असं नाही. पण हुक उघडू लागतो, तिवईचा पाय सरकतो, क्लॅम्प निसटतो. साखळीला लोखंडी रॉड अडकवून जोर लावणं तर त्याहून वाईट.

मिस्तरींची तपासणी मी नंतर जवळून बघितली. आधी हुक. त्याच्या तोंडावरची स्प्रिंगची पट्टी टोकाला टेकली नाही, तर हुक ओझ्याने फाकला आहे. तो तापवून ठोकून सरळ करायचा नाही, बदलायचा. मग साखळी फडक्यात धरून कडी-कडी पुढे सरकवायची. झीज बाहेरून दिसत नाही, दोन कड्या एकमेकींत बसतात त्या आतल्या बाजूला असते. तिथली जाडी दहाव्या हिश्श्याने घटली की साखळी बाद. ती ताणली गेली का हे बघायला मिस्तरी फार साधी युक्ती करतात: रोज वापरातल्या अकरा कड्यांची लांबी शेवटच्या टोकाकडच्या, कधीच ओझ्याखाली न आलेल्या अकरा कड्यांशी ताडून बघतात. साखळीला तेल द्यायचं, पण ब्रेकच्या चकत्यांवर त्याचा थेंबही जाता कामा नये. साखळीला पीळ पडलेला चालत नाही, आणि तीच पाइपाला गुंडाळून उचलणंही नाही. शेवटी ओझं वीतभर उचलून थांबायचं, हात सोडायचा आणि बघत राहायचं. ते जराही उतरलं नाही, तरच पुढे.

2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 29 मध्ये अशा साधनांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी आणि त्यांवर सुरक्षित भाराचा ठळक आकडा, या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या होत्या. शेत म्हणजे कारखाना नव्हे. तिथे तपासायला कुणी येत नाही, आणि उसन्या पुलीवरचा आकडा तर बहुतेक वेळा रंगाखाली गेलेला असतो. तो घासून वाचल्याशिवाय मी आता कुणाला पुली टांगू देत नाही.

त्या दिवशी मिस्तरींनी जोर लावलाच नाही. साखळीची दुसरी बाजू धरून पाइप फूटभर खाली सोडला, थोडा फिरवला, वर घेतला. परत खाली. तासभर हेच चाललं. वडील पारावर बसून होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. बोअरमध्ये काहीतरी घसरल्याचा आवाज झाला आणि हातसाखळी हलकी झाली. मिस्तरींनी घाम पुसला, एकट्यानेच ओढायला घेतलं, आणि कट्-कट् पुन्हा सुरू झालं.