चिलमीची साक्ष

बडोद्याच्या रावपुऱ्यातला जुना वाडा उतरवून पाया खणताना मूर्ती किंवा नाणे निघाले तर काम थांबेल. भाजक्या मातीची फुटकी चिलीम निघाली तर ती राडारोड्यात जाईल. तरीही थराचा काळ ठरवताना तिची साक्ष मोलाची आहे. तंबाखू मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांमार्फत ती इकडे आली आणि १६०४च्या सुमारास असद बेगने ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेली. म्हणून तंबाखूची चिलीम ज्या थरात सापडेल, तो थर सोळाव्या शतकाहून जुना धरता येत नाही. बडोद्याजवळचे चांपानेर ही याची चांगली कसोटी आहे. महमूद बेगड्याने १४८४ मध्ये ते जिंकून तिथे राजधानी वसवली, १५३५ मध्ये हुमायूनने ते घेतले आणि पुढे शहर ओस पडत गेले. तिथल्या भरभराटीच्या काळातल्या घरात चिलीम मिळाली, तर ती ओसाड भिंतींच्या आडोशाला नंतर टेकलेल्या कुणाची, असेच मानावे लागेल.

यावर कोणी म्हणेल, धूम्रपान आपल्याकडे त्याआधीही होते. खरेच आहे, चरकसंहितेत औषधी वर्तीचा धूर धूमनेत्रातून घेण्याचा विधी आहे. म्हणून नुसती नळी पाहून तंबाखू म्हणू नये. आकार, आतली काजळी आणि शक्य तर प्रयोगशाळेत मिळणारे निकोटिनचे अंश पाहावेत. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: उंदराच्या बिळातून किंवा नंतरच्या खड्ड्यातून वस्तू खालच्या थरात उतरते. म्हणूनच एकट्या चिलमीवर विसंबू नये. थर न ढवळलेला हवा आणि शेजारची खापरे, नाणी तिला दुजोरा देणारी हवीत. सोबत गायकवाडांचा बाबाशाही रुपया निघाला, तर काळाची खालची मर्यादा आणखी अलीकडे येते.

इंग्लंडमधल्या पांढऱ्या मातीच्या पाइपांचा काळ याहून नेमका सांगता येतो. तंबाखू महाग होती तेव्हा त्यांची वाटी चिमुकली होती, स्वस्त झाली तशी ती वाढली. १९५४ मध्ये पुरातत्त्वज्ञ हॅरिंग्टन यांनी दाखवले की १६२० ते १८०० या काळात दांडीचे भोक इंचाच्या आठ चौसष्टांशांवरून चारांवर आले. पण हे कोष्टक चिलमीला लावणे चूक ठरेल. तो पाइप साच्यात घडे आणि भोक तारेने पाडले जाई. दांडी लांबत गेली तशी तार बारीक झाली. आपली चिलीम कुंभाराच्या चाकावर घडते, आणि तिचा आकार पिढ्यान्‌पिढ्या फारसा बदलत नाही. तिचे कोष्टक इथल्याच मातीतून, थराची नोंद असलेल्या चिलमींवरून तयार व्हायला हवे. सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने उत्खननात पाळलेली शिस्त वाड्याच्या पायालाही लावता येईल: वस्तू उचलण्यापूर्वी तिची खोली मोजावी, खड्ड्याच्या कडेचा फोटो घ्यावा, शेजारचे खापर तिच्याबरोबरच ठेवावे. जागेवरून उचललेली चिलीम पुन्हा तिच्या थरात ठेवता येत नाही.