हिशेब तोच, पडदा नवा



जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीनचे माप झाले की शेतकरी आडत दुकानाच्या पायरीवर हिशेबपट्टीची वाट पाहत बसतो. पट्टी संगणकावर निघते. समजा, आतून मुनीमजी म्हणाले, "मामा, जरा बसा. पडदा बदललाय, काही सापडंना!" इतक्या वर्षांचा मुरलेला मुनीम एका सकाळीत नवशिका कसा होतो, ते आज पाहू.

पुष्कळ दुकानांत 'टॅली' या प्रणालीवर हिशेब ठेवतात. तिच्या 'ईआरपी ९' या आवृत्तीनंतर नोव्हेंबर २०२० मध्ये 'टॅली प्राइम' आली. जमाखर्चाचे नियम तेच राहिले, पडद्याची मांडणी बदलली. विक्रीची नोंद पूर्वीप्रमाणेच एफ-८ कळीने होते, खरेदीची एफ-९ ने. पण गिऱ्हाइकाने माल परत केला, तर 'क्रेडिट नोट'साठी पूर्वी कंट्रोल आणि एफ-८ दाबत. आता आल्ट आणि एफ-६ दाबावे लागते. सवयीने जुनी जोडी दाबली, तर भलतीच, विक्रीच्या ऑर्डरची नोंद उघडते. ही चूक अकलेची नव्हे, हाताच्या सवयीची.

असा बदल जालन्याला नवा नाही, बरं का! हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, तेव्हा येथे हाली रुपया चाले. सात हालीचे सहा कलदार होत. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पावलीचे बरोबर पंचवीस, अधेलीचे पन्नास. हे सोपे होते. अडचण आण्याची! त्याचे सव्वासहा पैसे, आणि पाव पैशाचे नाणे तर नव्हते. म्हणून जुनी नाणी एकदम बंद केली नाहीत. काही काळ दोन्ही चालली. 'नवा' हा शब्दसुद्धा १९६४ मध्ये गळला.

दुकानदारांनी यातून धडा घ्यावा. बदल ऐन हंगामात करू नये. गर्दी ओसरल्यावर करावा. आधी साऱ्या हिशेबाची एक प्रत काढून वेगळी ठेवावी. ज्या कळा बदलल्या तेवढ्याच पुठ्ठ्यावर लिहून पडद्याशेजारी लावाव्यात. आणि मुनीमाला आठ-पंधरा दिवस नमुन्याच्या हिशेबावर हात बसवू द्यावा. दिवाळीत नवी वही घालताना आपण जुनीची शिल्लक पुढे ओढतो ना? तशीच माणसाच्या हातातली शिल्लकही पुढे ओढायला हवी.

गुरुजींना हे निराळे सांगायला नको. मुलांची माहिती भरण्याचे पडदे त्यांच्याही पुढे बदलत असतात. त्यांनी गावातल्या चार जणांना पट्टी वाचायला शिकवावी. आणि शेतकरी बंधूंनो, पट्टी हातात आली की वजन, भाव, हमाली, तोलाई आणि शेवटची रक्कम तेथेच ताडून पाहा. पडदा नवा असला, तरी बेरीज जुनीच असते.